तबकडीची वाटणी आणि तिचे बिघाड

दोन भावांमध्ये शेताची वाटणी होते तेव्हा माती कोणी उचलून इकडची तिकडे नेत नाही. जमीन जेथल्या तेथेच राहते, पाटाचे पाणीही पूर्वीच्याच वळणाने वाहते. बदलतो तो दप्तरातील उतारा आणि दोन तुकड्यांमधील मेर. तरीसुद्धा उताऱ्यात एखादा आकडा चुकीचा पडला, तर पिढ्यान्‌पिढ्या कसलेले शेत कागदोपत्री नाहीसे होते आणि मालकाला आपलीच जमीन आपली म्हणून दाखविता येत नाही. आपल्या घरातील व शाळेतील संगणकांच्या पोटात हार्ड डिस्क नावाची जी तबकडी असते, तिच्या बाबतीतही असेच घडते. तिचे विभाग पाडताना अथवा पाडलेले विभाग लहानमोठे करताना काही बिनसले, म्हणजे संगणक सुरूच होत नाही. किंवा सुरू झाला तरी ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे’ अशी सूचना पडद्यावर उमटते. मग घरची मंडळी ‘हार्ड डिस्क गेली’ असे म्हणून हताश होतात. पुष्कळदा ती गेलेली नसते. ती खरोखर गेली आहे की केवळ तिचा उतारा बिघडला आहे, हे कसे ओळखावे आणि ओळखल्यावर कोणत्या क्रमाने पावले टाकावीत, हे विद्यार्थी-मित्रांना व त्यांच्या पालकांना समजावून सांगावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा विषय केवळ विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. ज्याला घरच्या जमाखर्चाची वही नीट वाचता येते, त्याला हे सर्व समजण्यास काहीच अडचण पडू नये.

प्रथम तबकडीची ओळख करून घेऊ. आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९५६ साली चुंबकीय तबकड्यांचे पहिले यंत्र बाजारात आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्व मिळून सुमारे ५० लक्ष अक्षरे साठवीत. आज तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये ह्याच्या लक्षावधी पट मजकूर राहतो. तथापि मूळ कल्पना तीच आहे. चुंबकीय लेप दिलेली तबकडी मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरत असते, आणि तिच्या पृष्ठभागापासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर एक सूक्ष्म शीर्ष तरंगत राहून मजकूर लिहिते व वाचते. हा मजकूर समान आकाराच्या घरांत साठविलेला असतो. अशा एका घरास सेक्टर म्हणतात. पारंपरिक सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावतात. अलीकडच्या अनेक डिस्कमध्ये ४,०९६ बाइटांचा सेक्टर असतो. बाजारात ५०० गिगाबाइट म्हणून मिळणाऱ्या नेहमीच्या डिस्कवर ५१२ बाइटांचे ९७,६७,७३,१६८ सेक्टर असतात, आणि प्रत्येकास शून्यापासून पुढे अनुक्रमांक दिलेला असतो. ही झाली आपली जमीन.

आता उतारा पाहू. तबकडीवर कोणता विभाग कोठे सुरू होतो आणि किती लांब आहे, हे सांगणाऱ्या नोंदीला पार्टिशन टेबल म्हणतात; आपण तिला वाटणीचा तक्ता म्हणू. १९८३ साली रूढ झालेल्या जुन्या पद्धतीत, जिला एमबीआर असे म्हणतात, हा संपूर्ण तक्ता तबकडीच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये असतो. त्या ५१२ बाइटांपैकी पहिले ४४६ बाइट संगणक सुरू करण्याच्या छोट्या कार्यक्रमासाठी राखलेले असतात. पुढील ६४ बाइटांत प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी असतात, आणि उरलेले दोन बाइट म्हणजे सेक्टर खरा असल्याची सही. विद्यार्थी-मित्रांनो, ह्याचा अर्थ लक्षात घ्या. कोट्यवधी पानांचा मजकूर सामावणाऱ्या तबकडीची सारी व्यवस्था केवळ ६४ बाइटांवर, म्हणजे आपल्या एका ओळीएवढ्या मजकुरावर, अवलंबून असते! ती ओळ पुसली गेली, तर मजकूर शाबूत असूनही संगणकाच्या लेखी तबकडी कोरी ठरते.

ह्या पद्धतीत २.२ टेराबाइटांपलीकडचा सेक्टर-क्रमांक लिहिण्यास जागाच नव्हती. म्हणून पुढे जीपीटी नावाची नवी पद्धत आली. तिच्यात सामान्यतः १२८ विभागांची सोय असते, प्रत्येक नोंद १२८ बाइटांची असते, आणि तक्ता बरोबर आहे की नाही हे तपासण्यासाठी पडताळा-अंकही लिहिलेला असतो. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, ह्या तक्त्याची दुसरी प्रत तबकडीच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. एक प्रत बिघडली तर दुसरीवरून ती पुन्हा लिहिता येते. सुज्ञ गृहस्थ दस्तऐवजाची एक नक्कल नातलगाच्या घरी ठेवतो, तसाच हा प्रकार होय.

तक्त्याच्या खालची पायरी म्हणजे प्रत्येक विभागाच्या आतील व्यवस्था. तिला फाइल सिस्टिम म्हणतात. विंडोजच्या संगणकांत ती प्रायः एनटीएफएस पद्धतीची, तर लिनक्सच्या संगणकांत बहुधा ईएक्सटी-४ पद्धतीची असते. विभागाच्या आरंभी त्याचा आकार व रचना नोंदलेली असते, आणि आत एक सूची असते. कोणत्या नावाची फाइल कोणकोणत्या घरांत ठेवली आहे, हे त्या सूचीवरून समजते. त्याखेरीज संगणक सुरू होताना ‘अमुक विभागात जाऊन अमुक कार्यक्रम उचल’ असे सांगणारा आरंभीचा कार्यक्रम वेगळाच असतो. अशा रीतीने चार पायऱ्या झाल्या: तबकडीचे शरीर, वाटणीचा तक्ता, विभागातील सूची आणि आरंभीचा कार्यक्रम. विभागांत फेरफार केल्यानंतर उद्भवणारा प्रत्येक बिघाड ह्या चारांपैकी कोणत्या तरी एका पायरीवर असतो. कोणत्या, हे ठरविल्यावाचून उपाय करू जाणे म्हणजे रोग न ओळखता औषध देणे होय.

मुळात विभागांत फेरफार करण्याची वेळ का येते, हेही पाहिले पाहिजे. पुष्कळ घरांत संगणकाचे ‘सी’ आणि ‘डी’ असे दोन विभाग असतात. सी विभागात विंडोज असते, तो काही वर्षांत भरतो; डी विभागात मात्र जागा शिल्लक असते. साहजिकच डी विभागातील थोडी जागा काढून ती सी विभागास द्यावी, असा विचार मनात येतो. डी विभाग आखडला की मोकळी होणारी जागा त्याच्या शेवटी निघते. सी विभाग तर त्याच्या अलीकडे! विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट हे साधन विभागास लागून पलीकडे असलेलीच मोकळी जागा त्यास जोडू शकते. मध्ये दुसरा विभाग आडवा आला की त्याचा नाइलाज होतो. मग लोक बाहेरचे एखादे साधन आणून संपूर्ण डी विभागच पलीकडे सरकवितात. शेताची मेर हलविणे सोपे. परंतु येथे मेरेबरोबर शेतातील प्रत्येक झाड उपटून पन्नास पावले पुढे लावावयाचे असते. सेकंदास ५० मेगाबाइट ह्या वेगाने २०० गिगाबाइट मजकूर हलविण्यास ४,००० सेकंद, म्हणजे तासाहून अधिक वेळ लागतो. एवढ्या वेळात वीज गेली, तार सैल झाली अथवा कोणी कंटाळून कळ दाबली, तर काम अर्धवट राहते. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कितीदा जाते, हे सांगावयास नकोच.

आणखी एक कारण पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. विभाग सरकविताना तबकडीवरील कोट्यवधी घरे एकामागून एक वाचली व लिहिली जातात. वर्षानुवर्षे ज्यांस कोणी हात लावला नव्हता, अशी घरेही त्यात येतात. त्यांतील काही आधीच कमजोर झालेली असतील, तर तो दोष त्या दिवशी प्रथमच उघडकीस येतो. जुन्या घराचे छप्पर शाकारण्यास वर चढावे आणि कुजलेला वासा पायाखाली मोडावा, तसे हे आहे. वासा त्या दिवशी कुजलेला नसतो. दिसतो मात्र त्या दिवशी. म्हणूनच फेरफारानंतर बिघडलेली डिस्क केवळ तक्त्याच्या गोंधळाने बिघडली असेल, असे गृहीत धरू नये.

आता उपायांकडे वळू. पहिला नियम असा की, काहीही लिहू नये. तबकडीवरील मजकुराला खरा धोका बिघाडाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, बिघाडानंतरच्या घाईचा असतो. ‘फॉरमॅट करू काय?’ असे संगणकाने विचारल्यास ‘नाही’ म्हणावे. ‘डिस्क इनिशिअलाइझ करा’ असे त्याने सुचविल्यास तेही नाकारावे, कारण त्यायोगे नवा कोरा तक्ता लिहिला जातो. ‘चेकडिस्क’ नावाची दुरुस्तीची आज्ञाही एवढ्यात देऊ नये. ती सूचीत स्वतःच्या समजुतीप्रमाणे बदल करते, आणि विभागाची सीमाच चुकलेली असेल तर चांगल्या नोंदीही वाईट समजून काढून टाकते. मजकूर परत मिळविण्याचा एखादा कार्यक्रम उतरवून घ्यावयाचा असल्यास तो त्याच डिस्कवर उतरवू नये. हरवलेले नाणे वाळूत शोधावयाचे असेल तर आधी त्या वाळूवरील वर्दळ थांबवावी लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीराची तपासणी. संगणक सुरू होताच बायोस अथवा यूईएफआयच्या पडद्यावर डिस्कचे नाव व आकार बरोबर दिसतो काय, ते पाहावे. नाव दिसत नसेल तर प्रथम संगणक बंद करून तिच्या तारा नीट बसवाव्यात, शक्य तर बदलून पाहाव्यात. डिस्कमधून टक्‌ टक्‌ असा ठरावीक आवाज येत असेल, तर शीर्षात अथवा तबकडीतच दोष आहे असे समजून वीज तत्काळ बंद करावी. अशी डिस्क घरी उघडू नये. धुळीचा एक कणही तिच्या नाशास पुरेसा होतो. ते काम धूळरहित खोली असलेल्या तज्ज्ञांचेच. आवाज नसेल आणि डिस्क ओळखली जात असेल, तर तिची स्मार्ट नावाची स्वतःची आरोग्य-नोंद वाचावी. लिनक्सवर ‘स्मार्टसीटीएल’ व विंडोजवर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ ह्या विनामूल्य साधनांनी ती वाचता येते. तीत विशेषतः चार आकडे पाहावेत. पाचव्या क्रमांकाची नोंद किती निकामी घरांऐवजी राखीव घरे वापरली, हे सांगते. १९७ क्रमांकाची नोंद किती घरे संशयास्पद आहेत, हे सांगते. १९८ क्रमांकाची नोंद मुळीच न वाचता येणारी घरे मोजते. ह्यांतील आकडे वाढत असतील तर डिस्क मरणोन्मुख आहे असे समजावे. १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर मात्र दोष बहुधा तारेचा असतो, तबकडीचा नव्हे.

तिसरी पायरी, संपूर्ण डिस्कची प्रतिलिपी. तेवढ्याच किंवा अधिक आकाराची दुसरी डिस्क मिळवावी आणि बिघडलेल्या डिस्कमधील घर न् घर तीवर उतरवून घ्यावे. ह्या कामी ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हे साधन उत्तम. ते आधी सहज वाचता येणारा सर्व भाग उतरवून घेते, अडलेल्या जागा सोडून पुढे जाते, आणि त्यांच्याकडे शेवटी परत येते. कोणती घरे उतरली व कोणती राहिली, ह्याची वही ते ठेवते. त्यामुळे मध्येच थांबावे लागले तरी काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागत नाही. येथून पुढचे सर्व प्रयोग प्रतिलिपीवर करावेत. मूळ डिस्क कपाटात ठेवून द्यावी. खर्च वाचावा म्हणून ही पायरी गाळण्याचा मोह होतो. परंतु चुकलेला उपाय मागे घेण्याची संधी ह्या एकाच पायरीमुळे मिळते.

शरीर निरोगी असून तक्ताच बिघडला असेल, तर काम बरेच सोपे असते. क्रिस्तोफ ग्रेनिए ह्या फ्रेंच कार्यक्रमकाराने लिहिलेले ‘टेस्टडिस्क’ नावाचे साधन विनामूल्य मिळते. ते तक्त्यावर विसंबत नाही. तबकडीवर हिंडून विभागांचे आरंभ त्यांच्या खुणांवरून शोधते, आणि सापडलेल्या सीमांवरून तक्ता कसा असावा हे दाखविते. नवा तक्ता लिहिण्यापूर्वी त्या विभागातील फाइलींची नावे पाहण्याची सोय त्यात आहे. नावे नीट दिसली आणि फाइली उघडल्या तरच तक्ता लिहावा. केवळ आकार जुळला म्हणून लिहू नये, कारण पूर्वी कधी काळी पाडलेल्या विभागांच्या जुन्या खुणाही तबकडीवर राहिलेल्या असतात. जीपीटी पद्धतीची डिस्क असेल तर ‘जीडिस्क’ नावाच्या साधनाने शेवटच्या प्रतीवरून पहिला तक्ता पुन्हा उभा करता येतो.

तक्ता बरोबर आहे, विभाग दिसतो, पण त्याचा प्रकार ‘रॉ’ असा दाखविला जातो, तेव्हा दोष विभागाच्या आत असतो. येथेही पूर्वसूरींनी नकला ठेवून दिल्या आहेत. एनटीएफएस पद्धतीत विभागाच्या पहिल्या सेक्टरची प्रत त्याच विभागाच्या शेवटच्या सेक्टरमध्ये असते. फॅट-३२ पद्धतीत ती सामान्यतः सहाव्या क्रमांकाच्या सेक्टरमध्ये असते. ईएक्सटी-४ पद्धतीत मुख्य नोंदीच्या प्रती विभागात ठिकठिकाणी विखुरलेल्या असतात. टेस्टडिस्क ह्यांपैकी चांगली प्रत शोधून बिघडलेल्या जागी बसवू शकते. सूचीच नष्ट झाली असेल तर शेवटचा उपाय ‘फोटोरेक’ हा होय. तो नावांकडे पाहतच नाही. छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे, लेख ह्यांच्या आरंभी असणाऱ्या ठरावीक खुणांवरून त्यांना हुडकून काढतो. मजकूर मिळतो, पण नावे व कप्पे नाहीसे होतात, आणि तुकड्यातुकड्यांत विखुरलेल्या फाइली बहुधा अपुऱ्या निघतात.

कधी कधी मजकूर सारा सुखरूप असतो. फक्त संगणक सुरू होत नाही. ह्याचे एक नेहमीचे कारण असे की, शंभरेक मेगाबाइटांचा एक छोटा विभाग ‘निरुपयोगी’ म्हणून कोणी काढून टाकलेला असतो. नव्या संगणकांत आरंभीचा कार्यक्रम त्या छोट्या विभागातच राहतो. अशा वेळी विंडोजच्या स्थापनेचा पेनड्राइव्ह लावून ‘स्टार्टअप रिपेअर’ करून पाहावे. छोटा विभागच नाहीसा झाला असेल तर आधी तो पुन्हा निर्माण करावा लागतो. लिनक्सच्या संगणकात विभागांचे क्रमांक बदलले तर ‘ग्रब रेस्क्यू’ अशी अक्षरे उमटून सर्व थांबते. तेथे आरंभीचा कार्यक्रम पुन्हा बसवावा लागतो. विभाग नव्याने निर्माण केल्यास त्याची यूयूआयडी नावाची ओळख-संख्या बदलते, आणि ‘एफएसटॅब’ ह्या यादीत जुनीच संख्या राहिल्यास संगणक तिची वाट पाहत ताटकळतो.

काही बिघाड तर केवळ भासमान असतात. बाहेरून जोडावयाच्या डिस्कच्या काही डब्या ५१२ बाइटांची घरे ४,०९६ बाइटांची म्हणून दाखवितात. डिस्क त्या डबीतून काढून थेट संगणकास जोडली की तक्त्यातील क्रमांक आठपट चुकतात आणि विभाग नाहीसे झाल्यासारखे दिसतात. ती पुन्हा जुन्या डबीत घातली की सारे जागच्या जागी! तसेच बिटलॉकरने कुलूपबंद केलेला विभाग फेरफारानंतर ४८ अंकी किल्ली मागू लागतो. ती आधीच लिहून ठेवलेली नसेल तर वर सांगितलेल्या कोणत्याच साधनाचा उपयोग होत नाही. फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी असेल तर अधिकच सावध राहावे. फॉरमॅट केलेली जागा मोकळी झाल्याचे संगणक तिला ‘ट्रिम’ ह्या आज्ञेने कळवितो, आणि मग ती तेथील जुना मजकूर स्वतःच पुसून टाकू शकते. फिरत्या तबकडीवर वरवरच्या फॉरमॅटनंतरही जे मिळते, ते तीवर मिळेलच असे नाही.

हे नियम व्यवहारात कसे उपयोगी पडतात, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात आजीच्या आवाजातील धालोची व फुगडीची गाणी संगणकाच्या डी विभागात साठविलेली होती. आजी काही वर्षांपूर्वी निवर्तली. ती गाणी गावात आता दुसऱ्या कोणास अखंड येत नाहीत, आणि त्या ध्वनिमुद्रणांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. घरातील मुलाने डी विभाग २५० गिगाबाइटांवरून २०० गिगाबाइटांवर आणला आणि तो ५० गिगाबाइट पलीकडे सरकविण्यास घेतला. आषाढाचा दिवस, चाळिसाव्या मिनिटास वीज गेली. वीज आल्यावर डी विभाग ‘रॉ’ दिसू लागला. संगणक-दुरुस्तीच्या एका दुकानात ‘फॉरमॅट करून घ्या, विभाग पुन्हा चालू होईल’ असा सल्ला मिळाला. विभाग चालू झाला असता हे खरे. पण कुटुंबास विभाग नको होता, गाणी हवी होती. मुलाच्या आईने संगणकाची तार काढून ठेवली आणि कोणासही हात लावू दिला नाही. यंत्राविषयी तिला फारशी माहिती नव्हती. परंतु त्या क्षणी करावयाची योग्य गोष्ट तीच होती.

पुढे आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी, जो अभियांत्रिकी शिकत होता, त्याने तो संगणक पाहिला. स्मार्ट नोंद स्वच्छ होती. त्याने संपूर्ण डिस्कची प्रतिलिपी करून घेतली आणि प्रतिलिपीवर टेस्टडिस्क चालविले. जुनी सीमा धरल्यास फाइलींची नावे अचूक दिसत. काही फाइली नीट उघडत, काहींतून मात्र केवळ खरखर निघे. ह्याचे कारण त्याने मुलांना असे समजाविले: वर्गातील दोनशे मुलांना एका रांगेत बसविले आहे आणि प्रत्येकाने पन्नास जागा मागे सरकावे अशी आज्ञा झाली आहे. पहिली मुले आधी हलली तर मागच्यांच्या अंगावर बसतील. म्हणून शेवटचा मुलगा सर्वांत आधी उठतो. निम्म्याहून अधिक मुले सरकली, आणि तोच घंटा झाली. आता पुढची मुले जुन्या जागी आहेत, मागची नव्या जागी आहेत. हजेरीपट मात्र सर्वांना जुन्याच जागी शोधतो. मुलांत आणि मजकुरात एक भेद आहे. मूल उठले की जागा रिकामी होते. मजकुराची मात्र प्रत जाते आणि मूळ जागी तो तसाच राहतो, दुसरा मजकूर येऊन त्यावर बसेपर्यंत. म्हणजे जेथे काम थांबले तेथे ५० गिगाबाइटांचा एक पट्टा दोनदा आढळला पाहिजे, बरोबर ५० गिगाबाइटांच्या अंतराने. त्याने प्रतिलिपी स्वतःशीच तेवढ्या अंतराने ताडून पाहिली आणि तो दुहेरी पट्टा सापडला. पट्ट्यासह अलीकडचा भाग जुन्या जागेवरून घेतला, पट्ट्यापलीकडचा भाग ५० गिगाबाइट पुढून घेतला, आणि दोन्ही एकापुढे एक जोडून तिसऱ्या डिस्कवर ठेवले. विभाग उघडला. आजीची गाणी सर्व मिळाली. त्या दिवशी कोणी फॉरमॅटची कळ दाबली असती, तर सूचीच पुसली गेली असती आणि हा हिशेब मांडण्यास आधारच उरला नसता.

शेवटी, असा प्रसंग येऊच नये म्हणून काय करावे, ते थोडक्यात सांगतो. विभागांना हात लावण्यापूर्वी महत्त्वाच्या मजकुराची प्रत दुसऱ्या डिस्कवर करावी, व ती उघडून पाहावी. न उघडून पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे. सर्वसाधारण नियम असा सांगतात की मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. वाटणीचा तक्ता कागदावर उतरवून ठेवावा. लिनक्समधील ‘एसएफडिस्क’ ही आज्ञा तो साध्या मजकुरात लिहून देते. स्मार्ट नोंद आधी पाहावी, आणि तीत संशय असेल तर फेरफाराचा विचारच सोडून नवी डिस्क घ्यावी. बॅटरी चांगली असलेल्या लॅपटॉपवर किंवा यूपीएस जोडलेल्या संगणकावरच हे काम करावे. लिनक्समधून विंडोजच्या विभागास हात लावावयाचा असल्यास विंडोज पूर्णपणे बंद करावे, निद्रिस्त ठेवू नये. विभाग लहान करताना आधी आतील फाइल सिस्टिम लहान व्हावी, मग सीमा; मोठा करताना आधी सीमा, मग फाइल सिस्टिम. बहुतेक आधुनिक साधने हा क्रम स्वतःच पाळतात, तरी तो आपणांस ठाऊक असावा. आणि सर्वांत आधी स्वतःस विचारावे की हे सरकविणे खरोखर आवश्यक आहे काय? पुष्कळदा सी विभागातील चित्रपट व छायाचित्रे उचलून डी विभागात ठेवली, तरी काम भागते.

आपल्या आजोबांच्या पेट्यांत जमिनीचे कागद जपून ठेवलेले असत, कारण कागद गेला तर काय होते हे त्यांनी पाहिले होते. आपल्या पिढीची छायाचित्रे, पत्रे आणि आवाज तबकड्यांवर आहेत. त्यांच्या उताऱ्यांची तेवढीच काळजी घेणे आता तुमच्या हाती आहे. ह्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरच्या संगणकावर असे काय आहे की जे दुसरीकडे कोठेच नाही, ह्याची एक यादी करावी आणि त्याची एक प्रत काढून ठेवावी. काम एका दुपारचे आहे.